अदृश्य उजेडातले विश्व



जुलै २०२२ पासून वृत्तपत्रांत अधूनमधून आकाशाची काही विलक्षण चित्रे प्रसिद्ध होत आली आहेत. तांबूस कडे आणि त्यांच्यावर पसरलेले निळे आकाश, काळोखात उभे राहिलेले धुळीचे खांब, काळ्या मखमलीवर रत्ने उधळावीत तशा विखुरलेल्या हजारो दीर्घिका. जेम्स वेब या नावाच्या दुर्बिणीने ती घेतली आहेत. ही चित्रे पाहून सामान्य माणसाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, हे खरोखरच असे दिसते का, की कोणी चित्रकाराने मागाहून रंग भरले आहेत? आणि दुसरा, दिसत असले तरी त्यासाठी सुमारे १००० कोटी डॉलर खर्च करण्याचे कारण काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आजच्या व्याख्यानात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रथम थोडे चमत्कारिक वाटेल. हे दृश्य असे आपल्या डोळ्यांना कधीही दिसणार नाही. त्या तेजोमेघाच्या दारात जाऊन उभे राहिलो तरी दिसणार नाही. आणि असे असूनही ही चित्रे खरी आहेत. ही दोन विधाने एकत्र कशी नांदतात हे ध्यानात आले, म्हणजे या दुर्बिणीचे निम्मे मर्म आपल्या हाती लागले.

तांबड्याच्या पलीकडे

विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतील हॅनोव्हरचा संगीतकार. तो इंग्लंडात स्थायिक झाला, पोटासाठी वाद्ये वाजवू-शिकवू लागला आणि रात्री स्वतः घासून तयार केलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आकाश पाहू लागला. १७८१ साली त्याने युरेनस हा ग्रह शोधून काढला आणि त्याचे नाव जगभर झाले. पुढे १८०० साली त्याने एक साधा प्रयोग केला. लोलकातून सूर्यकिरण नेले की भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटतो, हे सर्वांना ठाऊक होते. कोणत्या रंगात उष्णता किती, हे पाहावे म्हणून त्याने प्रत्येक रंगात एकेक उष्णतामापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच उजेड दिसत नव्हता, तेथे ठेवलेल्या उष्णतामापकातील पारा मात्र सर्वांत अधिक चढला. तेथे उजेड होता. तो पाहणारा डोळा आपल्यापाशी नव्हता. या उजेडालाच आपण अवरक्त किरण म्हणतो.

अवरक्त किरण ही काही दूरची वस्तू नव्हे. तापलेला तवा चुलीवरून उतरवून अंधारात ठेवला तर तो काळाच दिसतो. पण हात जवळ नेताच धग लागते. ती धग पुष्कळशी अवरक्त किरणांचीच असते. तुमच्याआमच्या शरीरातूनही हे किरण रात्रंदिवस बाहेर पडत असतात. प्रकाश तरंगरूप आहे, आणि रंगारंगांतील फरक म्हणजे त्या तरंगांच्या लांबीतील फरक. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोळ्यांना सुमारे ०·४ ते ०·७ मायक्रॉन लांबीचे तरंग दिसतात. वेब दुर्बीण सुमारे ०·६ पासून २८ मायक्रॉनपर्यंतचे तरंग टिपते. म्हणजे आपल्या दृष्टीचा प्रांत जेथे संपतो, जवळजवळ तेथेच तिचा सुरू होतो.

अवरक्त कशासाठी?

एवढा खटाटोप करून अदृश्य उजेडच का पाहावयाचा? त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण धूळ. तारे जन्माला येतात ते वायू आणि धुळीच्या दाट मेघांच्या पोटात. तेथील धुळीचे कण इतके बारीक असतात की दृश्य प्रकाशाचे आखूड तरंग त्यांवर आदळून विखुरतात. अवरक्त किरणांचे लांब तरंग मात्र बरेचसे आरपार जातात. म्हणून जेथे पूर्वी नुसता काळा पडदा दिसे, तेथे आता पडद्यामागचे बाळंतघर दिसते.

दुसरे कारण थंडपणा. सूर्यासारखा तारा स्वतःच्या उजेडाने झळकतो, पण ग्रह, धूळ आणि मंद तारे यांची उष्णता थोडी, आणि थोड्या उष्णतेची वस्तू मुख्यतः अवरक्त किरणच फेकते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. विश्व प्रसरण पावत आहे. अतिदूरच्या दीर्घिकेतून निघालेला प्रकाश आपल्याकडे येत असता वाटेतले अवकाशच ताणले जाते आणि त्याबरोबर प्रकाशाचा तरंगही ताणला जातो. हायड्रोजन वायूच्या प्रकाशाची एक ठळक खूण सुमारे ०·१२ मायक्रॉनवर, म्हणजे जांभळ्याच्याही अलीकडे असते. अतिदूरच्या काही दीर्घिकांच्या बाबतीत हा ताण पंधरापट आहे. ०·१२ ला १५ ने गुणा, १·८ मायक्रॉन येतात, आणि हे ठिकाण उघडउघड अवरक्ताच्या प्रांतात आहे. म्हणजे विश्वाच्या बालपणी जो उजेड डोळ्याला दिसण्याजोगा होता, तोच आज अदृश्य होऊन आपल्या दारी येतो. तो टिपावयाचा तर अवरक्त दुर्बिणीखेरीज गत्यंतर नाही.

यंत्राची कथा

आता अडचण पाहा. पृथ्वीवरच्या हवेतील बाष्प हे किरण फार मोठ्या प्रमाणात गिळून टाकते, आणि हवा स्वतःही अवरक्तात उजळत असते. एवढेच नव्हे, दुर्बीण स्वतः कोमट असेल तर तिच्या स्वतःच्याच धगीने तिचे डोळे दिपतील. म्हणून दुर्बीण हवेबाहेर न्यावयाची आणि गोठवून थंड ठेवावयाची, या दोन अटी ठरल्या.

अमेरिकेची नासा, युरोपीय अवकाश संस्था आणि कॅनडाची अवकाश संस्था या तिघींनी मिळून ही दुर्बीण उभी केली. तिचा आरसा साडेसहा मीटर व्यासाचा आहे. १९९० साली सोडलेल्या हबल दुर्बिणीचा २·४ मीटरच होता. तो बेरिलियम या हलक्या आणि कडक थंडीतही आकार न सोडणाऱ्या धातूच्या १८ षट्कोनी तुकड्यांचा केला आहे, आणि अवरक्त किरण सोन्यावरून उत्तम परावर्तित होतात म्हणून त्यावर सोन्याचा मुलामा दिला आहे. मुलामा इतका पातळ की सर्व मिळून सोने पन्नास ग्रॅमही लागले नाही. आरशामागे ऊन अडविण्यासाठी पाच पदरी छत आहे. ते टेनिसच्या मैदानाएवढे लांबरुंद असून त्याचा एकेक पदर केसाइतका पातळ आहे. उन्हाच्या बाजूला सुमारे ८५ अंश सेल्सिअस उष्णता, आणि सावलीच्या बाजूला उणे २३३ अंशांच्या जवळपास थंडी! सर्वांत लांब तरंग टिपणाऱ्या उपकरणाला तेवढीही थंडी पुरत नाही. ते हेलियम वायूच्या शीतयंत्राने आणखी गार करून उणे २६६ अंशांपर्यंत न्यावे लागते.

साडेसहा मीटरांचा आरसा साडेपाच मीटरांहून अरुंद अशा रॉकेटच्या टोकात मावावयाचा कसा? तो घडी करून ठेवला. छतही घडी करून ठेवले. आणि वर गेल्यावर या घड्या एकामागून एक आपोआप उलगडाव्यात अशी योजना केली. या सर्व व्यवस्थेत ३४४ जागा अशा होत्या की, त्यांपैकी एकीने दगा दिला तर सारे मुसळ केरात. हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला तेव्हा १९९३ साली अंतराळवीरांनी वर जाऊन तो दुरुस्त केला होता. वेबचे ठिकाण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवर, चंद्राच्या जवळजवळ चौपट अंतरावर. तेथे कोणी पाना घेऊन जाऊ शकत नाही.

मूळ बेत २००७ च्या सुमारास दुर्बीण सोडण्याचा होता. वर्षे लांबत गेली, खर्च फुगत गेला. २०११ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीने हे काम अजिबात बंद करावे असा प्रस्तावही मांडला. तो टळला. अखेर २५ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियन-५ रॉकेटने ती निघाली. पहिल्या पंधरवड्यात सर्व घड्या बिनचूक उलगडल्या आणि २४ जानेवारी २०२२ रोजी ती आपल्या जागी पोहोचली. उड्डाण इतके नेमके झाले की मार्ग सुधारण्यासाठी ठेवलेले पुष्कळसे इंधन वाचले. किमान पाच आणि फार तर दहा वर्षांची अपेक्षा होती, तेथे वीस वर्षांहून अधिक काळ पुरेल एवढा साठा शिल्लक राहिला.

रंग खरे कसे?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. समजा, एखादी सुरावट इतक्या खालच्या सप्तकात वाजते आहे की आपल्या कानाला ती ऐकूच येत नाही. एखाद्या जाणत्याने ती तशीच उचलून दोन-तीन सप्तके वर वाजवून दाखविली, तर त्याने ती खोटी केली असे आपण म्हणू काय? षड्ज बदलला, पण सुरासुरांतील नाते तेच राहिले. वेबच्या चित्रांत हेच केलेले असते. निरनिराळ्या गाळण्यांतून वेगवेगळ्या लांबीच्या तरंगांची चित्रे घेतली जातात. त्यांतील सर्वांत लांब तरंगांना तांबडा, सर्वांत आखूड तरंगांना निळा आणि मधल्यांना मधले रंग दिले जातात. मूळ क्रम मोडत नाही. म्हणून रंग पाहून शास्त्रज्ञाला धूळ कोठे दाट आहे, वायू कोठे तप्त आहे हे सांगता येते.

मात्र जे दिसते ते सर्वच आकाशातले आहे असेही समजू नये. या चित्रांतील तेजस्वी ताऱ्यांना चांदणीसारखे आरे फुटलेले दिसतात. ते ताऱ्याला नसतात. आरशाचे षट्कोनी तुकडे आणि समोरच्या छोट्या आरशाला धरणारे दांडे यांमुळे उमटतात. वस्तू कोणती आणि यंत्राची सावली कोणती, हे ओळखणे हा विज्ञानातला पहिला धडा होय.

विश्वाचे बालपण

११ जुलै २०२२ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या रंगीत चित्रात आकाशाचा केवढा भाग होता? हात लांब करून बोटाच्या टोकावर वाळूचा कण धरला, तर तो जेवढे आकाश झाकील, तेवढाच. साडेबारा तासांच्या निरीक्षणातून तयार झालेल्या त्या चित्रात हजारो दीर्घिका आहेत. मधल्या दीर्घिकासमूहाचा प्रकाश ४६० कोटी वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे आपली पृथ्वी घडत होती त्या सुमाराचा. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून मागच्या, कितीतरी दूरच्या दीर्घिका मोठ्या करून दाखविल्या आहेत.

दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. मे २०२५ मध्ये जाहीर झालेली ‘मॉम-झेड-१४’ ही दीर्घिका विश्वाचे वय अवघे २८ कोटी वर्षे होते त्या वेळची आपल्याला दिसते. सत्तर वर्षांच्या गृहस्थाचे तो दीड वर्षाचाही नव्हता तेव्हाचे छायाचित्र सापडावे, तसाच हा प्रकार आहे.

पण या छायाचित्रांनी एक पेच उभा केला. त्या बाल्यावस्थेत दीर्घिका थोड्या, लहान आणि मंद असाव्यात अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ आणि तेजस्वी निघाल्या. तेव्हा ‘महास्फोटाचा सिद्धांत कोसळला’ अशी हाकाटी काही लेखांतून झाली. तसे काही झालेले नाही. विश्व प्रसरण पावते आणि ते एके काळी अतितप्त व अतिदाट होते, याचे पुरावे स्वतंत्र आहेत. वेबच्या दीर्घिकांचा प्रकाश ताणलेला आढळतो हा त्यांतलाच एक. शंका आहे ती पहिल्या दीर्घिका किती झपाट्याने घडल्या यासंबंधी. तारे तेव्हा उसळ्या घेत जन्मत होते काय? काही दीर्घिकांचे तेज ताऱ्यांचे नसून कृष्णविवरात पडणाऱ्या वायूचे आहे काय? यावर काम चालू आहे. घराच्या एका खोलीचे मोजमाप चुकले म्हणून पाया खचला असे कोणी म्हणत नाही.

या कामात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबने घेतलेल्या चित्रांतून एक दीर्घिका शोधून काढली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते वृत्त प्रसिद्ध झाले. विश्व सुमारे दीडशे कोटी वर्षांचे असताना ही दीर्घिका दोन रेखीव सर्पिल बाहू घेऊन शांतपणे फिरत होती. असे बाहू स्थिरावण्यास बराच काळ लागतो, ही समजूत; आणि येथे तर सात-आठ वर्षांच्या मुलाच्या अंगी प्रौढाची ठेवण! या दीर्घिकेला त्यांनी ‘अलकनंदा’ असे नाव दिले. हिमालयात अलकनंदेची जोड मंदाकिनीशी आहे, आणि हिंदीत मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचेही नाव आहे. नामकरणात एवढे औचित्य क्वचित साधते.

परक्या जगातील हवा

आता अगदी वेगळ्या दिशेला पाहू. दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह सरकत असता त्या ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून आपल्याकडे येतो. प्रत्येक वायू ठरावीक तरंग शोषून घेतो, आणि त्या प्रकाशाच्या वर्णपटात आपला ठसा ठेवून जातो. सुमारे ७०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘वास्प-३९ बी’ या तप्त वायुरूप ग्रहावर कार्बन डायऑक्साइड असल्याचा निःसंदिग्ध ठसा वेबने २०२२ साली दाखविला. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहावर इतका स्पष्ट तो प्रथमच मिळाला.

पण आपले कुतूहल वायूच्या गोळ्यांपुरते थांबत नाही. पृथ्वीसारखे खडकाळ जग आणखी कोठे आहे का, तेथे हवा आहे का, हे आपल्याला हवे असते. कुंभ राशीत ४० प्रकाशवर्षांवर ‘ट्रॅपिस्ट-१’ नावाचा एक मंद तांबडा तारा आहे, आणि त्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह फिरतात. २०२३ साली वेबने त्यांतील सर्वांत आतल्या ग्रहाची दिवसाची बाजू मोजली. ती सुमारे २३० अंश सेल्सिअस निघाली. उष्णता इकडून तिकडे वाहून नेणारी हवा तेथे नसावी, असा निष्कर्ष निघाला. त्याच्या शेजाऱ्यावरही शुक्रासारखे दाट वातावरण नाही. चौथा ग्रह पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा अंतरावर आहे, परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची पहिली निरीक्षणे निर्णायक ठरली नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये याहून मोठी बातमी आली. सिंह राशीतील, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवरच्या ‘के-२-१८ बी’ या ग्रहाच्या हवेत डायमिथाइल सल्फाइड या वायूची चाहूल लागली असल्याचे केंब्रिजचे निक्कू मधुसूदन व त्यांचे सहकारी यांनी सांगितले. आपल्या पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म जीवांपासून निघतो. तेव्हा ‘जीवसृष्टी सापडली’ असे मथळे झळकले. मूळ दावा तेवढा नव्हता. मिळालेली खूण निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता हजारात तीन, असा त्यांचा हिशेब होता. अशा शोधाला प्रघाताप्रमाणे याहून पुष्कळ कडक कसोटी लागते. इतर शास्त्रज्ञांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा काहींना ती खूण आढळलीच नाही. शिवाय हाच वायू एका निर्जीव धूमकेतूवरही सापडलेला आहे. म्हणजे तो वायू खरोखर असला, तरी जीव असलाच पाहिजे असे नाही.

यात कोणी कोणाला फसविले असे मुळीच नाही. दावा मांडणे, त्याच्या बळाचा आकडा सांगणे, आणि प्रतिपक्षाने तो आकडा खोदून काढणे, यालाच शास्त्र म्हणतात. फसगत होते ती मधल्या मजकुरात, जेव्हा ‘चाहूल’ या शब्दाची ‘खात्री’ होते. ‘आपण विश्वात एकटे आहोत काय?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या हयातीत मिळेलही. ते मिळेल त्या दिवशी आपण त्यावर विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर तोपर्यंतच्या प्रत्येक अर्ध्यामुर्ध्या बातमीला आपण ‘पुरावा किती?’ असे विचारले पाहिजे.

खर्चाचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. एक हजार कोटी डॉलर ही रक्कम लहान नाही. ती वीस वर्षांहून अधिक काळात, तीन संस्थांनी मिळून खर्चिली, हे खरे. पण त्याने समाधान व्हावे असे मी म्हणत नाही. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी. या दुर्बिणीने जमविलेली माहिती काही वेळा लगेच, नाही तर ठरावीक मुदतीनंतर, जगातील सर्वांना खुली होते. अलकनंदेचा शोध लागला तो यामुळेच. दुर्बिणीसाठी आपल्या देशाने पैसा दिलेला नव्हता, तरी पुण्यातील संशोधकांना ती चित्रे मिळाली. चित्र खुले होते, पण त्याचा अर्थ लावणारी माणसे तयार असावी लागतात. तेव्हा ‘त्यांनी एवढा खर्च का केला?’ या प्रश्नाबरोबर ‘जे फुकट मिळते आहे ते वाचण्याइतके शिक्षण आपण आपल्या मुलांना देतो आहोत काय?’ हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे. पहिला अमेरिकन करदात्याचा आहे. दुसरा मात्र सर्वस्वी आपला आहे.

शेवटी एक लहानशी वार्ता सांगून थांबतो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी वेबने युरेनसची काही चित्रे घेतली. त्यांत एक अगदी फिकट ठिपका सरकताना दिसला. तो युरेनसचा नवा उपग्रह ठरला. त्याचा व्यास अवघा दहा किलोमीटरांच्या आसपास. १९८६ साली व्हॉयेजर-२ हे यान त्या ग्रहाच्या शेजारून गेले होते, पण त्यालाही तो दिसला नव्हता. हर्शेलने शोधलेल्या ग्रहाचा हा उपग्रह हर्शेलनेच शोधलेल्या अदृश्य उजेडात सापडला. त्या संगीतकाराने तांबड्याच्या पलीकडे उष्णतामापक ठेवला, तेव्हा यातून पुढे काय निघेल हे त्याला कोणी विचारले असते, तर त्याला सांगता आले नसते. त्याने पारा किती चढला एवढे नीट टिपून ठेवले. आपल्यालाही तेवढेच जमण्यासारखे आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.